शिळं न ठेवणारी चूल आणि बहात्तरचा दुष्काळ



बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की बारामती-इंदापूरकडच्या वयस्कर बायका आधी मिलोचं नाव घेतात, मग सुकडीचं, आणि मग पाण्याचं. पुस्तकांत त्या दुष्काळाची माहिती सापडते, पण ती पावसाची, पिकांची, कामावर आलेल्या मजुरांची. घराघरांत रोज दोन वेळा काय शिजलं, कशात शिजलं आणि शेवटी कोणाच्या ताटात किती पडलं, हे त्यात नसतं. तो इतिहास बायकांच्या तोंडी राहिला आणि आता सांगणाऱ्या कमी होत चालल्या आहेत.

आपल्या घरांपुरता तर हा प्रश्न आणखी अवघड. कांदा, लसूण, बटाटा नाही. शिळं चालत नाही. सूर्यास्तानंतर जेवण नाही. पाणी गाळल्याशिवाय तोंडात जात नाही. चातुर्मासात पालेभाजी बंद, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं बंद. इतके नियम असलेल्या स्वयंपाकघरानं धान्य, पाणी आणि सरपण तिन्हींची ओढ असताना माणसं जेवू कशी घातली? सासूबाई आणि त्यांच्या बरोबरीच्या बायकांकडून जे ऐकलं आणि जे वाचलं, ते जुळवून आज लिहिते आहे.

कालव्याकाठचं आणि जिरायत

आज बारामती म्हटलं की हिरवा ऊस डोळ्यांपुढे येतो. पण हा सगळा भाग पर्जन्यछायेतला. वर्षाला सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. १८८० च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं आणि तालुक्याचे दोन भाग झाले. कालव्याखालचं ते बागायत: ऊस, गूळ, गुऱ्हाळं. वर सुपे, मोरगावकडचं ते जिरायत: शाळू, बाजरी, हुलगा, मटकी. इंदापूरचंही तसंच. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद दोशींनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला आणि वालचंदनगर वसलं. वालचंद सोलापूरच्या आपल्या जैन घरातले, म्हणून ती गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. पण भीमेकाठच्या इंदापूरला उजनीचं पाणी १९७२ साली मिळालेलं नव्हतं. धरणाचं काम सुरू होतं, ते पूर्ण झालं १९८० मध्ये.

बारामती, इंदापूर, फलटण, अकलूज, नातेपुते या पट्ट्यात आपली हूमड गुजर घरं पिढ्यान्‌पिढ्यांची. मूळ गुजरात-राजस्थानच्या सीमेकडचं, पण इथंच मुरलेलं. घरात गुजराती शब्द मिसळलेली मराठी, पानात ज्वारीची भाकरीही आणि दाळढोकळीही. बहुतेकांचा धंदा धान्याचा, कापडाचा, किराणा-भुसाराचा, आणि मागच्या पिढ्यांत सावकारीचाही. हे शेवटचं मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

त्या वेळचं स्वयंपाकघर

प्रेशर कुकर आपल्या देशात १९५९ च्या सुमारास बनू लागले होते, पण तालुक्याच्या गावात १९७२ साली ते थोड्याच घरी. गॅस तर त्याहून कमी. बहुतेक घरी मातीची चूल आणि तिला जोडून वैल. चुलीवर तवा, वैलावर डाळीचं पातेलं, म्हणजे एका जाळावर दोन कामं. शिवाय कोळशाची शेगडी आणि रॉकेल मिळालं तर स्टो. जातं, पाटा-वरवंटा, उखळ, काथवट, परात, कल्हई लावलेली दोन-तीन पितळी पातेली. एवढ्यावर आठ-दहा माणसांचं घर चाले.

दुष्काळात पहिला फटका सरपणाला बसला. आपल्याकडे तुरकाट्या, पळकाट्या, उसाची चिपाडं हेच जळण. पीकच नाही म्हटल्यावर काट्या कुठून येणार? जनावरं बाजारात गेली तशा गोवऱ्याही आटल्या. मग जाळ मोजून वापरायचा. डाळ सकाळीच भिजत घालायची म्हणजे लवकर शिजते. भाकऱ्या झाल्या की निखाऱ्यावर पातेलं झाकून ठेवायचं. झाकणावर ताटली, ताटलीत पाणी, ते पाणी तापलं की तेच पीठ मळायला. लाकूड चुलीत घालण्याआधी झटकून, भोकं पाहून घ्यायची आपली रीत होतीच. जीव जळू नये म्हणून. एकेक काटकी हातात घेऊन पाहायची सवय असलेल्या बाईला काटक्या मोजणं जड गेलं नाही, असं सासूबाई म्हणतात.

आणि दिवसाउजेडी जेवायचं असल्यामुळे चिमणी-कंदिलाचं रॉकेल वाचलं. १९६५ साली लाल बहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं, तेव्हाही आपल्या घरांत वेळापत्रक फारसं बदलावं लागलं नव्हतं.

मिलोची भाकरी

१९७० पासून पाऊस कमीच होता. १९७२ चा पावसाळा गेला आणि खरीप बुडालं, पाठोपाठ रब्बीचा शाळूही. आपल्याकडचं मुख्य धान्यच गेलं. मग रेशनवर बाहेरून आणलेली लाल ज्वारी आली, तीच मिलो. अमेरिकेत ती बहुतेक जनावरांच्या खाद्यासाठी पिकवतात. शाळूच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीची सवय असलेल्या माणसांपुढे तांबूस भाकरी आली. ती थापताना कडेनं फाटायची, तव्यावर टाकताना तुटायची. या पिठाला विरीच नाही, हे त्या वेळी प्रत्येक बाईचं गाऱ्हाणं.

यावर बायकांनी जे केलं ते घरोघरी वेगळं नव्हतं. पाण्याला आधण आणायचं, चिमूटभर मीठ घालायचं, त्यात पीठ घालून उकड काढायची, झाकून ठेवायची आणि गरम असतानाच हाताच्या तळव्यानं मळून लहान भाकरी थापायची. मोठी थापलीच नाही तर तुटण्याचा प्रश्नच नाही. तरीही जमलं नाही तर त्या पिठाचे मुटके करून वरणात सोडायचे.

इथं आपली पिठाची मर्यादा उपयोगी पडली. आपल्याकडे पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात दिवस. त्याच्यापुढे ते चौक्यात चालत नाही. ही मर्यादा जीवोत्पत्तीच्या विचारानं घातलेली, भाकरीसाठी नव्हे. पण ज्वारीचं पीठ जितकं जुनं तितकी विरी कमी, हे कोणत्याही समाजातली सुगरण सांगेल. दर दोन-तीन दिवसांनी थोडंथोडं जात्यावर दळणाऱ्या घरात मिलोची भाकरी त्यातल्या त्यात बरी होई.

धान्य निवडणं, आपल्या भाषेत शोधणं, हे तर रोजचंच. लांबून आलेलं, गोदामात पडून राहिलेलं धान्य किडीचं निघे. एरवी कीड लागू नये म्हणून तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचं, ज्वारीत कडुनिंबाचा पाला घालायचा. आता साठवण्याइतकं धान्यच नव्हतं. रेशनची पिशवी घरी आली की सुपात पसरून दाणा-दाणा पाहायचा. किडा निघाला तर तो हळूच बाजूला सावलीत सोडायचा. वाया घालवायचं नाही आणि मारायचंही नाही, दोन्ही सांभाळून. यात बाईचे दोन-दोन तास जात, तेही लिहून ठेवायला हवं.

उद्याला काही नाही

कोरड्या भागातल्या मराठी स्वयंपाकघराचा मोठा आधार म्हणजे शिळं. शिळी भाकरी ताकात कुस्करायची, फोडणीची पोळी करायची, रात्रीचा भात सकाळी परतायचा, आंबील आंबवून ठेवायची. एका जाळात दोन दिवसांची सोय होते. आपल्याला ही सोय नाही. रात्रभर ठेवलेलं, आंबवलेलं धर्मात बसत नाही. म्हणजे उरलं तरी उपयोग नाही आणि कमी पडलं तर सूर्यास्तानंतर पुन्हा चूल पेटवता येत नाही.

मग उरतो एकच मार्ग, अंदाज. कोण किती खाणार, आज कोणाचा उपवास, कोणाचं एकाशन, कोण परगावाहून येण्यासारखं आहे, हे सकाळी चूल पेटण्याआधी बाईच्या मनात पक्कं असायचं. सासूबाईंच्या सासूबाई पीठ वाटीनं मोजत नसत, ओंजळीनं मोजत. माणशी किती ओंजळी हे ठरलेलं. त्यातून संध्याकाळी एखादी भाकरी उरलीच तर ती सूर्य मावळायच्या आत दारात येणाऱ्याला किंवा गाईला. फडताळात ठेवायची नाही. मला वाटतं, आपल्या बायकांच्या हाताचं खरं कसब पक्वान्नांपेक्षा या अंदाजात होतं. दुष्काळात ते उघड दिसलं एवढंच.

भाजी तर नव्हतीच. पण भाजीशिवाय जेवण कसं करायचं, याचा सराव महिन्यातल्या अष्टमी-चतुर्दशींनी आणि चातुर्मासानं आपल्याला आधीच दिलेला. त्या वर्षी रोजच चतुर्दशी होती, असं एक आजी हसत म्हणाल्या होत्या. कोरड्यातले पदार्थ म्हणजे सांडगे, पापड, कुरडया, डाळी, शेंगदाणे, मेथकूट. पापड भाजून चुरायचा, त्यावर थेंबभर तेल आणि तिखट, की झालं तोंडीलावणं. सांडग्यांची आमटी, दाण्याची आमटी, हिंग-जिऱ्याचं पिठलं. आंबटाला आमसूल, चिंच. कढीला बेसन लावायचं नाही, कारण दही-ताक आणि डाळीचं पीठ एकत्र आलं की द्विदळ होतं. म्हणून ताक असलंच तर त्याला तांदळाचं नाही तर ज्वारीचं पीठ.

पाऊस कमी असला तरी तग धरणारा हुलगा जिरायतात कुठं कुठं मिळे. हुलगे भाजून दळायचे आणि त्याचं माडगं करायचं, गुळाचं किंवा मीठ-जिऱ्याचं. त्याच पिठाचे शेंगोळे, फक्त लसणाऐवजी हिंग. एकाच पातेल्यात रस्सा आणि पोटभरीचं दोन्ही.

आणि चकोल्या, ज्याला आपल्या घरांत दाळढोकळी म्हणतात आणि शेजारी वरणफळं. एकच पातेलं, एकच जाळ. मैत्रिणींनो, बऱ्याच जणींनी विचारलं होतं म्हणून जुनी रीत लिहिते. तुरीची डाळ हळद-हिंग घालून मऊ शिजवायची आणि घोटून भरपूर पाणी घालायचं. मीठ, तिखट, आमसूल, गुळाचा खडा. कणकेत थोडं ज्वारीचं पीठ, हळद, ओवा, मीठ घालून घट्ट मळायचं, लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे करायचे. वरण खळखळून उकळायला लागलं की एकेक तुकडा सोडायचा, म्हणजे गोळा होत नाही. मोहरी-जिऱ्याची फोडणी शेवटी. डाळ कमी असली तर पाणी वाढवायचं, गहू कमी असला तर ज्वारी वाढवायची. पाहुणे वाढले तर पातेल्यात आणखी एक तांब्या पाणी आणि चार तुकडे जास्त. या पदार्थाला प्रमाण नाही, म्हणूनच तो कोणत्याही वर्षी होतो.

पाणी आणि जिवाणी

धान्यापेक्षा पाण्यानं जास्त परीक्षा पाहिली. पाणी गाळायचं ते जाड, दुहेरी कापडातून. शास्त्रातलं गाळण्याचं माप ३६ अंगुळं लांब आणि २४ अंगुळं रुंद. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं चालतं. उकळलेलं २४ तास. गाळल्यावर कापडावर राहतात ते जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. त्यासाठी बुडाला कडी असलेली छोटी बादली असे, ती पाण्यालगत नेऊन खालून उपडी करायची, म्हणजे जीव उंचावरून आपटत नाहीत.

आता विहिरीच आटल्या. कुठं तळाला चिखल, कुठं दोन कोस चालून हंडा. टँकरचं पाणी कोणत्या विहिरीचं, कोणाला माहीत? जिवाणी कुठं सोडायची? त्याच काळात महाराष्ट्रात यंत्रानं बोअर पाडायला आणि हातपंप बसवायला वेग आला. बोअरच्या भोकात जिवाणी परत सोडता येत नाही. हा प्रश्न आपल्या घरांत आजही निघतो, आणि मुनिमहाराजांच्या आहारासाठी विहिरीचंच पाणी शोधलं जातं, त्याचं कारण हेच.

व्रती बायकांनी त्या वर्षी काय केलं? ज्यांना जमलं त्यांनी एकाच वाहत्या विहिरीचं पाणी धरलं आणि दिवसाचं सगळं तेवढ्यात भागवलं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी भांडी विसळायला, ते पुन्हा तुळशीला किंवा जनावराला. भांडी आधी राखेनं कोरडी घासायची, मग ओंजळभर पाण्यानं धुवायची. पाणी तुपासारखं वापरावं, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकलं. त्या वर्षी ते अक्षरशः खरं झालं.

चौक्याची शिकवण

हे सगळं या बायकांना एकदम सुचलं नाही. आपल्याकडे त्याची शाळा होती, ती म्हणजे मुनींच्या आहाराचा चौका. आचार्य शांतिसागर महाराज (१८७२–१९५५) यांचा विहार फलटण-बारामतीच्या या भागात झाला. १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांची ३६ दिवसांची सल्लेखना झाली, ती ज्यांनी पाहिली त्या बायका १९७२ साली पन्नाशी-साठीत होत्या.

चौका लावणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. दिवसातून एकदा, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत घेतला जाणारा आहार. महाराज आज कोणत्या दारी थांबतील माहीत नाही. त्यांनी मनात कोणता नियम धरला आहे, माहीत नाही. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या सहा रसांतलं काय सोडलं आहे, तेही आयत्या वेळी कळणार. विहारात तर परक्या गावात, उसन्या शेगडीवर, दोन पातेल्यांत हे करायचं. मीठ नसलेली भाजी, तूप नसलेली पोळी, गूळ नसलेली खीर, सगळं रुचेल असं करायचं. ज्या बाईनं असे चौके लावले, तिला घरात तेल संपलं म्हणून स्वयंपाक अडला असं कधी वाटलं नसेल.

चुलीपलीकडची चूल

इथपर्यंत वाचून छान वाटेल. आपले नियम किती दूरदृष्टीचे, असं म्हणून थांबताही येईल. पण तेवढ्यावर थांबलं तर इतिहास अर्धाच होतो.

१२ मे १८७५ रोजी आपल्याच बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि कर्जाचे कागद, वह्या जाळल्या. तिथून ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात ते दख्खनचे दंगे म्हणून नोंदलेत. ते सावकार होते मारवाडी आणि गुजर. म्हणजे आपल्यातलेही. पुढच्याच वर्षी १८७६ चा मोठा दुष्काळ आला. त्यात सरकारी कामावरच्या मजुराला रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानं दिवसाला फक्त एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे असा दर लावला गेला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध आवाज उठवला. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. आपल्या हिशोबानं चार-साडेचार भाकऱ्या, दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. तिथल्या बाईनं अंदाज कसला करायचा?

१९७२-७३ मध्ये चित्र खूप सुधारलं होतं. बारामतीत तर त्याआधीच, १९६० च्या दशकाच्या शेवटी, पाझर तलावांची कामं सुरू झाली होती. १९६७ साली आमदार झालेले शरद पवार आणि स्थानिक मंडळींनी ‘कासा’ या चर्चच्या मदतसंस्थेकडून आलेलं धान्य आणि तेल मजुरीत देऊन ते तलाव खोदवले. पुढे राज्यभर दुष्काळी कामं निघाली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं त्यांवर होती. पाच कोटींच्या महाराष्ट्रात दहातलं एक माणूस. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ चा. मुंबईत त्याच सुमारास मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या.

कामावरच्या बायकांचं स्वयंपाकघर म्हणजे तीन दगड, एक तवा, एक जर्मनचं पातेलं. दिवसभर पाट्या वाहून आल्यावर अंधारात तीच मिलोची भाकरी. त्यांच्याकडेही शिळं उरत नव्हतं. त्यांचीही भाजी बंद होती. त्याही एका वेळेलाच जेवत. बाहेरून पाहिलं तर आपल्या व्रतस्थ बाईच्या ताटात आणि त्यांच्या ताटात फरक नव्हता. फरक एकच: आपल्याकडे नियम घेतला होता, त्यांच्यावर वेळ आली होती. कामावर वाटलेल्या सुकडीचं नाव आणि आपल्या घरातल्या सुखडीचं नाव जवळजवळ एक. एकीत कणीक, तूप, गूळ भाजून आपण वड्या पाडतो आणि प्रवासाला डब्यात नेतो. दुसरी भाजक्या धान्याची गोडसर भरड, उपाशी पोरांच्या हातावर ठेवलेली.

आपल्या समाजानं त्या वर्षी काय केलं? दोन्ही प्रकारच्या आठवणी मी ऐकल्या आहेत. काही दुकानांतून उधारी चालू राहिली, काही दारांत माडग्याचं पातेलं रोज ठेवलं जायचं. आणि काही ठिकाणी उधारी बंद झाली, भाव पाहून माल बाहेर निघाला. पात्रदानाबरोबर करुणादानही आपल्या धर्मात सांगितलेलं आहे. चौका लावताना जितक्या काळजीनं आपण पाणी गाळतो, तितक्या काळजीनं दारातल्या माणसाला पाहिलं का, हे प्रत्येक घरानं आपापलं तपासावं.

अठ्ठावीस घास

शेवटची गोष्ट घरातली, आणि बोलायला अवघड.

अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं, हे सहा बाह्य तपांपैकी एक. शास्त्रात पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा आणि स्त्रीचा २८ घासांचा सांगितला आहे. त्याहून एक घास जरी कमी घेतला तरी अवमौदर्य होतं.

सासूबाई १९७२ साली नव्या सून होत्या. इंदापूरकडचं माहेर, बारामतीचं सासर, घरात अकरा माणसं. त्या म्हणतात, “त्या वर्षी मी जेवढी एकाशनं केली, तेवढी पुन्हा आयुष्यात केली नाहीत.” कौतुकानं ऐकत होतो आम्ही. मग एक दिवस जाऊबाईंनी विचारलं, “आई, एवढी एकाशनं कशाची?” त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “दुपारी काथवट रिकामी दिसली की मी म्हणायची, आज माझं एकाशन आहे.”

सासऱ्यांना माहीत नव्हतं. आजेसासूबाईंना बहुतेक माहीत असावं, कारण त्यांचीही त्या वर्षी बरीच एकाशनं झाली. अंदाज एखाद्या दिवशी चुकायचाच, आणि चुकला की तो भरून काढायची जागा एकच होती, शेवटी जेवायला बसणारी बाई. व्रताचं नाव दिलं की कोणी चौकशी करत नाही, उलट अनुमोदना मिळते. हे आपल्या किती घरांत झालं असेल? आणि दुष्काळ नसतानाही किती वेळा झालं असेल?

तप म्हणजे इच्छेला आपण होऊन घातलेला आवर. ताटात आहे आणि नको म्हटलं, ते तप. ताटातच नाही आणि नको म्हटलं, ती भूक. सासूबाईंनी जे केलं ते मोठं होतं यात शंका नाही, माझ्या मनात त्याला तपापेक्षा कमी मान नाही. पण त्याला भूक हे नाव न देता आपण पन्नास वर्षं व्रत म्हणत राहिलो, तर पुढच्या सुनेला काथवट रिकामी असल्याचं सांगण्याची वाटच राहत नाही.

म्हणून आमच्याकडे आता एक साधा बदल आहे. पीठ मळताना माणसं मोजतो, त्यात करणारीला पहिली मोजतो. उपवास किंवा एकाशन असेल तर ते सकाळी, चूल पेटण्याआधी, सगळ्यांसमोर सांगायचं. दुपारी काथवट पाहून नाही.

तुमच्या घरात सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या बायका असतील तर या चातुर्मासात त्यांच्याजवळ बसा. मिलोची भाकरी कशी केली विचारा, पाणी कुठून आणलं विचारा, दारात कोण यायचं आणि त्याला काय दिलं जायचं, तेही विचारा. आणि सगळं सांगून झालं की हळूच विचारा, त्या वर्षी तुम्ही किती एकाशनं केलीत. उत्तर आलं तर वहीत तारखेसह लिहून ठेवा.